छत्रीच्या कापडाचा कॅमेरा

अख्ख्या मावळात माझ्याएवढा मोठा कॅमेरा कुणी बनवला नाही. खोटं वाटत असेल तर लोणावळ्यात कुणालाही विचारा. किंवा नकाच विचारू. ते सांगतील की लाकूड मास्तरांनी कापलं, भाता महमदभाईंनी शिवला, भिंग पुण्याच्या जुन्या बाजारातून आलं आणि गेनूनं पितळेचे चार स्क्रू केले. त्यातले दोन उलटे फिरायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. महमदभाई छत्र्या दुरुस्त करणारे. लोणावळ्यात असा माणूस उपाशी मरत नाही. आणि मी गेनू, रेल्वेच्या शेडमधला फिटर. शाळा चौथीपर्यंत, तीही खिडकीशी बसून. आमचा कॅमेरा तांदळाच्या पेटाऱ्याएवढा होता आणि फोटो उमटायचा तो पाटीएवढ्या काचेवर. बिघडलेल्या काचा मास्तर फेकू द्यायचे नाहीत. माळ्यावर रास झाली. किस्से साठले ते तसेच. कामाचे नाहीत, पण टाकवतही नाहीत.

*

भिंग आणि काच यांच्यामधल्या घड्यांच्या भात्याला काळं कापड हवं होतं, आत उजेड न शिरणारं. महमदभाईंच्या दुकानात किराणावाल्या शेठची छत्री कधीची पडून होती. भाईंनी ती उसवली, आणि दुसऱ्याच आठवड्यात शेठ छत्री मागायला हजर!

भाई शांतपणे म्हणाले, "छत्री हाय की शेठ. पर आता ती फोटू काढती."

शेठ रागावला नाही. पण कॅमेरा खांद्यावर घेऊन आम्ही बाजारातून निघालो की गल्ल्यावरून हाक यायची, "माझी छत्री भिजवू नका रे!"

त्या कापडाला कसरीनं बारीक भोकं पाडलेली. भर दुपारी तिकोना किल्ल्याचा फोटो काढला, तर आभाळभर पांढरे ठिपके. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. मी तोच फोटो शेठला नेऊन दिला आणि सांगितलं, चांदण्यात काढलाय. शेठनं चौकट करून दुकानात टांगला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो त्यात सप्तर्षी दाखवायचा!

*

काच चपट्या पेटीत बंद असते. पेटीला एक सरकती फळी. ती वर ओढली की कॅमेऱ्याच्या डोक्यावर तुऱ्यासारखी उभी राहते. मग भिंगाची टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची, फळी खाली दाबायची. फळी ओढायची राहिली तर सगळा खेळ फुकट, काच कोरी. मी हमखास विसरायचो. म्हणून महमदभाईंना कामच दिलं होतं. माझा हात टोपीकडे गेला की त्यांनी ओरडायचं, "फळी!"

तिकोना पेठेत पंचायतीचा फोटो काढायला गेलो. पाटील मधे, बाकीची मंडळी पारावर. भाई ओरडले, "फळी!" मी फळी ओढली, टोपी काढली. मंडळींना वाटलं, ही फोटोची रीतच असणार, आपणही साथ द्यावी. टोपी परत लागेपर्यंत सगळा पार ओरडत होता, "फळी! फळी!"

महिन्यानं फोटो छापून नेला. फेटे आले होते, मिशा आल्या होत्या, तोंडं कुणालाच नव्हती. मास्तरांनी खाली बघत समजावलं, की जे हलतं ते काचेवर उमटत नाही.

पाटलांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "एवढी गप पंचायत म्या जल्मात पाह्यली न्हाई. चावडीत लावा."

*

काचा धुवायच्या त्या लाल उजेडात. शेडमधला टाकाऊ सिग्नलचा कंदील आम्ही त्या कामाला लावला होता, आणि माझी खोली रुळांना लागून. श्रावणातली संध्याकाळ, वारा सुटलेला. खिडकीवरचं गोणपाट उडालं. घाटातून एक सुटं इंजिन परत येत होतं, त्याला समोर लाल दिसलं. कचकन ब्रेक!

ड्रायव्हर धावत आत आला. कोण मेलं म्हणून विचारू लागला. इंजिनाच्या उजेडानं काच काळी ठिक्कर पडली होती. मास्तरांचे हात पाण्यात, डोळ्यांत पाणी. त्यांनी ती उचलून दाखवली, "ही."

ड्रायव्हरनं टोपी काढली. मग म्हणाला, "थांबलोच हाय, तर माजा एक काढा."

*

आमचा तिघांचा एक फोटो हवा, असं मास्तरांच्या फार मनात. टोपी काढायला कुणी ना कुणी मिळायचं. मोजायचं काम मास्तरांचं. ते घड्याळ वापरत नसत, एकोणतीसचा पाढा म्हणत. का, तर तो घाईत म्हणताच येत नाही. लोणावळ्याच्या ढगात अख्खा पाढा संपेपर्यंत दगडासारखं बसावं लागायचं.

दगड होणं माझ्या नशिबात नाही. एकदा मास्तरांच्या डोक्यामागे शिंगं धरली. एकदा मास्तर सातावर अडले आणि मला हसू फुटलं. एकदा तर बेतच केला, की अर्धा पाढा डावीकडे बसायचं, मग कॅमेऱ्यामागून पळत उजवीकडे यायचं, म्हणजे एका फोटोत दोन गेनू. आला एकही नाही!

सगळ्या काचांवर मास्तर स्पष्ट, भाई स्पष्ट, आणि शेजारी चुलीवरच्या धुरासारखं काहीतरी.

मास्तर म्हणाले, "गेनू, उद्या कुणी विचारलं की हा तिसरा कुठंय, तर पुरावा काय?"

मी म्हटलं, "तुम्ही आहात की पुरावा!"

पुरावा आधी गेला. त्याच वर्षी थंडीत, तापानं.

*

मग भाईंचे गुडघे गेले, नि त्यांची मुलगी हमीदा त्यांना तळेगावला घेऊन गेली. छत्र्यांचं दुकान आता विडीवाल्याकडे आहे. शेठचा मुलगा छत्रीबद्दल ओरडत नाही, त्याला ठाऊकच नाही.

कॅमेरा माझ्या खोलीत उभा असतो. कधीमधी काळं फडकं डोक्यावर घेऊन समोरच्या बाकाकडे बघतो. भिंगातून सगळं उलटं दिसतं, पायाखाली आभाळ. रिकामा बाक उलटा केला तरी रिकामाच दिसतो. शेडमधली नवी पोरं विचारतात, म्हातारा आत काय बघतोय? मी सांगतो, तुमचा पगार. मग कुणी परत विचारत नाही.

विलायतेत लढाई लागल्यापासून तिकडून येणाऱ्या काचा मिळेनाशा झाल्या. माझ्याकडे एकच उरली होती. म्हटलं, गेनू, भाई आहेत तोवर एकदा तरी काचेवर ये. कॅमेऱ्याला गोधडी गुंडाळली आणि गाडीनं तळेगाव गाठलं.

भाई अंगणात बाकावर बसले होते. गुडघे गेले तरी नजर घारीची. कॅमेरा बघून त्यांनी हमीदाला हाक मारली, "माजी टोपी आन." मी कॅमेरा लावला, हमीदाला भिंगावरची टोपी कशी काढायची ते दाखवलं आणि भाईंना चिकटून बसलो. डोळे भिंगात रोवले. हमीदानं टोपी काढली.

मी मनात पाढा सुरू केला. नाकावर माशी बसली, बसू दिली. हमीदाची शेळी आली नि माझं धोतर चघळू लागली, चघळू दिलं. मला हसू आलं नाही. भाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, छत्रीच्या काडीसारखा बारीक. मी सातावर अडलो, मास्तरांसारखाच. मग तिथून पुढे गेलो आणि पाढा पुरा केला.

हमीदानं टोपी लावली. मी उडी मारून उठलो, "भाई, आलो! या वेळेला मी आलो!"

आणि फळी दाबायला कॅमेऱ्याकडे गेलो. वर हात नेला. वर काहीच नव्हतं. फळी आतच होती. मी ओढलीच नव्हती.

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "जन्मभर फळी फळी करून कान किटवलेत. आज काय जीभ गिळली होती? समोर दिसत नव्हतं?"

भाईंनी पान गालात सरकवलं.

"दिसत व्हतं की. पर तू कदी नव्हं तो माज्या शेजारी गप बसला व्हतास. आन् काच कोरी ऱ्हायली म्हंजी तुला परत यावं लागंल."