क्रेगचे एक्केचाळीस, हेमीचे नऊ

न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआला २०१२ पासून पाच वर्षं मी स्नेहलता महाजनबरोबर राहिले. ती जळगावची. शिकायला वेलिंग्टनला आली आणि पुढे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. कॉलेजात ती सॉफ्टबॉल खेळायची. इथे गुडघ्यामुळे जमेना, म्हणून एका छोट्या बेसबॉल क्लबची स्कोअरर झाली. शनिवारी दक्षिणेचा वारा कान कापत असायचा आणि ही कानटोपी घालून, पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला बसलेली. तिच्यासाठी मी थर्मासमधून चहा न्यायचे. निम्मा खेळाडूच संपवायचे. ते शनिवार अजून आठवतात.

क्लबात दोन रिलीफ पिचर होते. मूळ पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, थकला की मधेच येऊन त्याची जागा घ्यायची, हे त्यांचं काम. क्रेग उंच, गप्पिष्ट. तो सामन्याच्या अगदी शेवटी यायचा. हेमी बस चालवायचा. अबोल माणूस, त्याला कधी बोलावतील याचा नेम नसे.

२०१६ साली क्लबने ठरवलं, दहा वर्षांतल्या सर्वोत्तम रिलीफ पिचरचं नाव भिंतीवर लावायचं. आघाडी टिकवून सामना संपवला की पिचरच्या नावावर एक ‘सेव्ह’ लागतो. क्रेगचे एक्केचाळीस, हेमीचे नऊ. प्रश्न मिटलाच, असं सगळे म्हणाले.

“मिटला कसा?” स्नेहलता घरी येऊन तणतणली. “बेस भरलेले, समोरचे धाव काढायला टपलेले असताना कोणाला बोलवायचे, ते कुणी मोजलंय?”

दहा वर्षांची स्कोअरबुकं तिने घरी आणली. तीन रविवार आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मी वाचायचे, ती लिहायची. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले किती धावपटू प्रत्येकाच्या गळ्यात पडले, ते ती मोजत होती. अशा धावा आधीच्याच्या खात्यात जातात, त्यामुळे नेहमीच्या सरासरीत हे दिसत नाही. हेमीच्या वाट्याला शहाण्णव आले होते. त्यातले एकवीसच धाव पुरी करू शकले. क्रेगच्या वाट्याला बावीस, त्यातले दहा.

मधेच ती थांबली. “कॉलेजात मलाही अशीच बोलवायचे गं. बेस भरले की स्नेहा. पेपरात नाव मात्र दुसरीचं.”

मी पुढचं पान वाचायला घेतलं.

मतदानाच्या सभेत तिने आकडे वाचून दाखवले. क्रेगने कागद मागून घेतला, दोनदा वाचला.

“मी यायचो तेव्हा बहुतेक वेळा बेस मोकळेच असायचे,” तो म्हणाला. “ते कोणी मोकळे केले, हे कधी मनातच आलं नाही.”

त्याने स्वतःचं मत हेमीला दिलं. तरीही दोन मतांनी क्रेगच निवडून आला; सवयीचा आकडा लोकांना सोडवेना. स्नेहलताचा चेहरा उतरला. बाहेर गाडीपाशी हेमी आला. “स्नेहा, तो कागद मला मिळेल? आईला दाखवायचाय.” तिने मूळ कागदच त्याच्या हातात दिला, नक्कलही ठेवली नाही. घरी येईपर्यंत ती गाणं गुणगुणत होती.

पुढच्या वर्षी हेमी पर्थला गेला, स्नेहलता क्राइस्टचर्चला. मी आता ऑकलंडजवळ पापाकुराला असते. शनिवारी कपडे धुते, भाजी आणते. परवा, म्हणजे २०१९च्या दिवाळीत, तिचा फोन आला. तिथेही एका क्लबात स्कोअर लिहायला बसते म्हणाली.

“तिथला रिलीफ पिचर कसा आहे?” मी विचारलं.

“अगं, अगदीच वाईट,” ती म्हणाली, “पण हसवतो फार.”