माझी जागा, आधी मला

आमच्या नाट्यगृहात आता कागदी तिकिटं बंद झाली आहेत. पास मोबाइलवर येतो. दारातल्या यंत्राजवळ मोबाइल धरला की टिंग असा आवाज होतो आणि माणूस आत जातो. वेळ वाचतो, एवढंच मला त्याचं कौतुक होतं.

परवा गाण्याच्या मैफलीला गेलो, तेव्हा रांगेत माझ्यापुढे पांढरी काठी घेतलेले एक अंध गृहस्थ होते. त्यांची पाळी आली तसे दारावरचे काका लगबगीने पुढे झाले.

"द्या इकडे मोबाइल, मी लावतो."

"नको, मला करू द्या," गृहस्थ हसून म्हणाले. त्यांनी यंत्राची कड बोटांनी चाचपली आणि मोबाइल टेकवला. टिंग वाजलं. मग मोबाइल कानाशी नेऊन त्यांनी काहीतरी ऐकलं आणि काठी टेकवत ते आत गेले.

मध्यंतरात मला राहवेना. चहाच्या टेबलाशी त्यांना गाठून विचारलं, "मोबाइल काय सांगतो हो तुम्हाला?"

"माझी रांग आणि खुर्चीचा नंबर," ते म्हणाले. "इतकी वर्षं तिकीट कुणाला तरी वाचायला द्यावं लागायचं. माझी जागा माझ्याआधी दुसऱ्याला कळायची."

हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. वाचता येणाऱ्याला हे कसं सुचावं?

घंटा झाली. 'सोडू का जागेपर्यंत?' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते तिथेच ठेवून मी बाजूला सरलो आणि त्यांना वाट करून दिली.