मामांचा बहिष्कार

मामांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दोन गोष्टी त्यांना अजिबात सहन होत नसत: हिरडीला टोचणारी कवळी आणि कोणी आपल्याला म्हातारं म्हटलेलं. म्हणून एकावन्नाव्या वर्षीही ते व्हिडिओ गेम खेळत. नऊ वर्षं एकच गेम. त्यातल्या एका बेटावर त्यांनी बांधलेला दीपस्तंभ होता आणि त्याचं कौतुक त्यांना स्वतःच्या दुकानापेक्षा काकणभर जास्तच होतं.

त्याच गेमच्या कंपनीत त्यांची भाची चुका शोधायच्या कामावर होती. गेम बाजारात जाण्याआधी खेळून बघायचा, कुठे बिघडतो ते लिहून द्यायचं. भाचीला लहानपणी सगळे मुलगा समजत. आपण मुलगी आहोत हे तिने घरी सांगितलं, तेव्हा मामांच्या डोक्यात प्रकाश पडायला महिना लागला, पण पडला. कंपनीच्या डोक्यात पडलाच नाही. ओळखपत्रावर जुनंच नाव राहिलं, बैठकीत साहेब मुद्दाम त्याच नावाने हाक मारायचे, बाकीचे फिदीफिदी हसायचे. तिने लेखी तक्रार केली आणि दोन महिन्यांत 'या कामाची आता गरज नाही' म्हणत कंपनीने तिला घरी बसवलं. ती कामगार न्यायालयात गेली. नोकरी परत मिळते की नाही, सगळं तिथे ठरणार होतं.

बहिणीकडे जेवताना मामांनी हात धुवायच्या आधीच घोषणा करून टाकली, "आजपासून त्या कंपनीला माझ्याकडून एक दमडी नाही!" भाचीचे डोळे भरून आले. मामांचेही आले, कारण गेमचा नवा भाग पुढच्याच आठवड्यात येणार होता.

आठवडाभर त्यांनी दम धरला. मग शेजारच्या चष्मेवाल्याची खेळून झालेली डिस्क उसनी आणली. उसन्या डिस्कमुळे कंपनीला काय मिळणार? काहीच नाही! आपल्या तत्त्वनिष्ठेवर मामा इतके खूश झाले की त्यांनी स्वतःलाच चहा करून दिला.

नव्या भागात मात्र दीपस्तंभाचा जिना भिंतीत घुसत होता. मामांचे हात शिवशिवू लागले. दातांच्या डॉक्टरांना लिहावं तसं त्यांनी कंपनीला लिहिलं, 'डावीकडची वरची पायरी, अर्धा मिलिमीटर जास्त.' मग दर रविवारी, फोटो लावून. तीन महिन्यांत दोनशे बारा चुका. ही कंपनीची खरडपट्टीच आहे, म्हणजे एक प्रकारचा निषेधच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. कंपनीने मात्र आभार मानले.

पुढे कंपनीचं न्यायालयातलं उत्तर आलं. बहिणीच्या घरी भाचीने ते मोठ्याने वाचलं, "'या कामाला वेगळा माणूस लागत नाही. आमचे निष्ठावान खेळाडू ते फुकट आणि जास्त बारकाईने करतात. सोबत एका खेळाडूने पाठवलेली चुकांची यादी.'"

"कोण गं हा बिनडोक?" बहीण कडाडली. "पोरीच्या पोटावर पाय देतोय!"

भाचीने पान उलटलं आणि ती थांबली. "मामा, गेममध्ये अर्धा मिलिमीटर कोण मोजतं?"

मूग गिळून बसायची संधी होती. मामांनी ती सोडली, कारण भाची त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मीच," ते म्हणाले. "पण डिस्क उसनी होती."

कोणी हसलं नाही.

"तू पैसे दिले नाहीस, मामा," भाची म्हणाली. "माझं काम दिलंस."

मामा चाचरत म्हणाले, "पण दोनशे बारा चुका राहिल्या, म्हणजे तुझी गरज होतीच ना? मी येऊन सांगू तिथे?"

"बहिष्कार कसा मोडलास, तेही सांगावं लागेल. सगळ्यांसमोर."

"सांगेन."

भाचीने कागद-पेन पुढे सरकवलं. मामांनी लिहायला घेतलं, 'मी, अर्जदार मुलीचा मामा, एक निष्ठावान मूर्ख...'

भाचीने 'निष्ठावान' तेवढं खोडलं आणि कागद परत त्यांच्यापुढे ठेवला.