पोटरीतला गोळा आणि पॅकहाउसचं कुलूप

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सकाळी पेलाभर. मग संध्याकाळी घरी गेल्यावर."

"मधे काहीच नाही?"

"न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आदल्या दिवशी रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट माझ्याकडे वळवला. "तुम्हाला आला तो मसल क्रॅम्प, म्हणजे स्नायू आखडून त्याचा गोळा होतो. त्यामागे डिहायड्रेशन आहे, म्हणजे अंगातलं पाणी कमी पडलंय. बीपीची तुमची गोळी लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढते, आणि तुम्ही वर पाणी पीत नाही. पोटॅशियम उतरलंय. क्रिएटिनिन वाढलंय. किडनीनं गाळून टाकायचा कचरा रक्तात साठायला लागला की ते वाढतं. आज पाय आहे, उद्या किडनी असेल. पाणी का पीत नाही?"

उत्तर मला तोंडपाठ होतं, पण बाहेर पडेना. लाज वाटली. आणि लाज मला का वाटावी, या विचाराने असा संताप आला की मी पदराने तोंड पुसत नुसती बसून राहिले. जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. तुम्हीही दिवसभर उभ्याने काम करत असाल तर वाचा.

मी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करते. मंचरच्या अलीकडून आमची जीप भरते आणि नारायणगावच्या बाजूला जाते. हंगामात तिथे परदेशी जाणारा माल भरतात. एका टेबलाला सहा जणी. घड देठाला धरायचा, मण्यांवर मुळातच असते ती पांढरी पावडर पुसू द्यायची नाही, फुटका, बारका मणी कात्रीने काढायचा आणि घड डब्यात बसवायचा. बसायचं नाही. टेबलाचं काम सहा जणींचं मिळून मोजतात, त्यामुळे एक बाई हलली की बाकी पाच जणी तोंड वाकडं करतात. आमच्या टेबलाची पुढारीण सुमनताई. ती अभिमानाने सांगायची, "आमच्या टेबलाची बाई जेवणाच्या सुट्टीपतुर जागची हलत न्हाई." नवी मुलगी आली की तिला कात्री धरायच्या आधी पाणी कमी प्यायला शिकवायची.

आता कारण. बायकांसाठीचा संडास शेडच्या मागे, उसाला लागून. दाराला कडी नाही, म्हणून जोडीने जायचं. एक आत, एक बाहेर. गेल्या हंगामात त्या उसात बिबट्या दिसला. आमच्या भागात बिबट्याचं नवल कुणाला नाही, पण उसाकडे पाठ करून बसायची हिंमत कोण करणार? आधीही आम्ही पाणी कमीच प्यायचो, तेव्हापासून ते बंदच केलं. सहज, जसं चहातली साखर कमी करावी तसं. कुणी तक्रार केली नाही. आणि आत, ऑफिसच्या शेजारी, फरशी लावलेला, आरशाचा, साबण ठेवलेला संडास आहे. त्याला कुलूप. परदेशी मालाच्या तपासणीचे साहेब येणार असतात त्या दिवशीच ते निघतं.

हे मला रोज दिसत होतं. रोज. राग येत नव्हता, याचाच आज जास्त राग येतो.

दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री झोपेत डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी ओरडतच उठले. नवऱ्याने गुडघा सरळ धरून पायाची बोटं माझ्याकडे ओढली, तेव्हा गोळा हळूहळू सुटला. हा उपाय लक्षात ठेवा. चोळत बसण्यापेक्षा त्याने लवकर आराम पडतो. सकाळी पोटरी अशी दुखत होती, जणू कुणी काठीने बडवली. "आज नको जाऊस," नवरा म्हणाला. त्याला बोलायला काय जातं? हंगाम भरात असताना जी घरी राहते तिच्या जागी दुसरी उभी राहते, आणि मग ती जागा तिचीच. त्या टेबलावर उभं राहायला मी दोन हंगाम क्रेट धुतले होते. ती जागा मला सोडायची नव्हती.

जीपमध्ये चढताना दांडी धरून पाय वर ओढून घेतला. दहा वाजेपर्यंत उजव्या पायावर भार देऊन निभावलं. मग उजवाही भरून आला. मी टेबलाला टेकले. सुपरवायझर लगेच आला. पोरगेला आहे, पण आवाज असा की हॉल त्याच्या बापाचा.

"मावशी, उभं राह्यला जमत न्हाई का? लई बाया रांगेत हायेत."

"जमतंय, भाऊ," मी म्हणाले. भाऊ म्हणाले त्याला! अजून जीभ चावावीशी वाटते.

सुमनताई कात्री न थांबवता पुटपुटली, "आजचा कंटेनर भरूस्तवर कळ काढ. टेबलाला नाव नको."

कळ काढली. आमच्या बायकांना दुसरं शिकवलंय काय? जेवताना भाकरी घोटभर ताकाबरोबर उतरवली, पाण्याला हात लावला नाही. आणि दुपारी, घड हातात असताना, पोटरीत पुन्हा गोळा आला. मी क्रेटवर पडले. भरलेला क्रेट माझ्याखाली चिरडला. सुपरवायझर धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "अरं, माल गेला का समदा?"

माझा पाय लाकडासारखा ताठ झाला होता, मी फरशीवर विव्हळत होते, आणि हा माणूस द्राक्षं मोजत होता.

सुमनताईनेच माझी चप्पल काढून बोटं ओढली. जीपवाल्याने दवाखान्यात सोडलं. तिथे रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विचारला गेला.

डॉक्टरीणबाईंनी बीपीची गोळी बदलून दिली. ती आपल्या मनाने बंद करू नका असं बजावलं, दर थोड्या वेळाने पाणी प्या म्हणाल्या आणि विश्रांती सांगितली. विश्रांती संपवून मी कामावर गेले तर टेबलावर माझ्या जागी दुसरी बाई. सुपरवायझर म्हणाला, "तुमी आता खोकी दुमडायला बसा. आन् पाणी पीत जावा की, पाण्याला कोन नगं म्हनतंय?"

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"चावी द्या," मी म्हणाले.

"कसली?"

"आतल्या संडासाची."

"ती तपासणीसाठी हाय, मावशी."

"माझी किडनी तपासून झालीया. द्या चावी."

मी त्या दाराला पाठ लावून उभी राहिले. टोपी, एप्रन, सगळं घालून. तो आधी हसला, मग ओरडला, मग मालकाला फोन केला. बाहेर कंटेनरचं इंजिन सुरू होतं. हॉलमधल्या कात्र्या थांबल्या होत्या. खरं सांगते, मला भीती वाटत होती. आता कायमचं घरी बसवतील हे मला दिसत होतं.

मालक आले. आमच्याच भागातले, ओळखीचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि सुपरवायझरला म्हणाले, "उघड राव. माल गरम व्हतोय." माझ्यासाठी नाही, मालासाठी उघडलं. ठीक आहे. उघडलं ना.

मी आत जाऊन आले. बाहेर सुमनताई उभी होती. मी दारातून बाजूला होताच ती आत गेली. तिच्या मागे आमच्या टेबलाची दुसरी, मग शेजारच्या टेबलाच्या. हॉलच्या दारापर्यंत बायकांची रांग लागली. सकाळपासून, कितीतरी हंगामांपासून आवरून धरलेल्या बायकांची रांग. ती बघून मला रडू फुटलं.

सुमनताई बाहेर आली ती ओल्या हातांनीच टेबलाकडे गेली. माझ्या जागेवरच्या बाईला म्हणाली, "तू पल्याडच्या टेबलाला हो, तिथं एक कमी हाय. ही हिची जागा हाय." मग कात्री उचलून माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलाबी व्हतात गं गोळे. लई वरसं झाली."