ॲडमिनला विचारा

पासवर्ड मी इतका अवघड ठेवला, की कुणालाच सापडू नये... आणि मलाही सापडला नाही! तर असा मी. भुताखेताचे, अमानवीय अनुभव वगैरे सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टिंगल केली. आता तुम्ही माझी करा.

बोर्ली पंचतनच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक बर्फाचा कारखाना आहे. तिथे मी हिशेबनीस. कधीकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून शेठच्या लेखी इंजिनिअर. बिलं करणारा दिनेश, म्हसळ्याकडचा, कॉम्प्युटरवर दिवसभर गाणी लावायचा. शेवटी शेठ कडाडले, "पुन्हा ह्या टेबलावरून आवाज आला, की दिन्या, तू घरी!" आणि मला म्हणाले, "सगळी सेटिंगं बंद करून टाका."

केली. आवाज बंद. काहीही बदलायला गेलं की स्क्रीनवर पाटी – ॲडमिनला विचारा. ॲडमिन मी... संध्याकाळपर्यंत पासवर्ड विसरलेला. लाजेपोटी कुणाला बोललो नाही.

दोनेक दिवसांनी, भर दुपारी. दिनेश भिंतीला पाठ लावून बिलं करतोय, मी समोरच्या कोपऱ्यात. आणि एकदम त्याच्या कॉम्प्युटरमधून ट्रक रिव्हर्स घेताना वाजते ना, ती धून सुरू झाली – फुल्ल आवाजात! खिडकीच्या काचा थरथरल्या.

दिनेश पांढराफटक. बटणं बडवली, माऊस आपटला. पाटी तीच.

केबिनमधून शेठ ओरडले, "कोण वाजवतंय रे?"

दिनेश माझ्यावर ओरडला, "काका, बंद करा!"

"अरे, मला कुठे येतंय बंद करायला? पासवर्डच–"

"तुमच्याबिगर कुनाकडं हाय पासवर्ड? माझी नोकरी खायची हाय व्हय तुला?"

आयुष्यात पहिल्यांदा मला अरे-तुरे. आणि पोरगा टेबलावरून उडी मारून आलाच. कॉलर धरली, डोकं कपाटावर आपटलं, तोंडावर असा गुद्दा घातला की माझा पुढचा दात रक्तासकट स्टेपलरवर पडला. दुसरा गुद्दा उगारला...

तो बसायच्या आत दिनेशच्या खुर्चीमागची भिंत फुटली.

विटा, काचा, आणि त्यातून बर्फ भरलेल्या ट्रकचं ढुंगण! टेबलाच्या ढलप्या उडाल्या. दिनेशची खुर्ची चाकाखाली चपटी. बर्फाच्या लाद्या सुसाट आत आल्या, एकीनं त्याची पोटरी फाडली. पांढऱ्या बर्फावर त्याचं आणि माझं रक्त, आणि त्याच्या मुठीत अजून माझी कॉलर. धून थांबली होती.

ड्रायव्हर उतारावर गाडी लावून चहाला गेला होता. हमालांनी त्याला ओढत आणून तुडवला. तो विव्हळत एवढंच म्हणत होता, "गाडी बंद हाय माझी! ही बघा चावी!"

खरंच बंद होती. बंद गाडीची रिव्हर्सची धून वाजेल कशी? ढिगाऱ्यातून कॉम्प्युटरचा डबा धड निघाला. अलिबागहून आलेल्या माणसानं तो त्याच्या युक्तीनं उघडला. आवाज मी बंद केला तसाच बंद. म्हणाला, "ह्यातून काही वाजणं शक्यच नाही." ऐकलं मात्र आम्ही तिघांनी – शेठ धरून. अजून उत्तर नाही. असेल कुणाकडे तर कळवा.

घरी मिठाच्या पाण्यानं चुळा भरत बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज कमी करता आला असता, तर तो पोरगा बसल्या जागीच कमी करत राहिला असता, नाही का? ... आता आठवला तरी राहू द्या तो पासवर्ड."