तपासनिसांचं टेबल

तपासनीस टॉवेल डोळ्यांनी कमी आणि तळहातानं जास्त पाहायचे. खिडकीच्या तिरक्या उजेडात टॉवेल धरायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि तळहात एकदाच वरून खाली फिरवायचा. हात थांबला, की तिथं धागा तुटलेला असणारच. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षं पॅकिंगचा प्रमुख आहे. मला हे एकदाही जमलं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

ते भवानी पेठेतल्या विणकर घरातले, चाळिशीचे. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः पास केलेल्या दोनशे टॉवेलांतून त्यांनी अकरा बाजूला काढले. जेवणाची सुट्टी मोडून मी ते अकरा भिंगाखाली पाहिले. निदान एक तरी चांगला निघावा, अशी माझी मनापासून इच्छा होती. अकराच्या अकरा सदोष होते.

बोलताना ते समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडं पाहायचे. दोन कामं एकदम सांगितली, की हात वर करून म्हणायचे, "एका वेळी एक सांगा." मालकांनाही तेच. नव्या नक्षीचं कौतुक ऐकायच्या आशेनं मालकांनी एकदा विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली न्हाय," म्हणाले आणि कामाला लागले.

मालक हसले. मी असं बोललो असतो तर हसले नसते.

यंत्रांचा आवाज मात्र त्यांना सोसायचा नाही. कानांवर हात दाबून भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. मॅनेजर मॅडमनी मागची कोठीची खोली रिकामी करून त्यांचं टेबल तिथं लावलं. मीटिंग माफ. सूचना कागदावर, एका कागदावर एकच. जेवणाची वेळ त्यांच्या सोयीची. मग त्यांना विचारूनच मॅडमनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, की ते स्वमग्न आहेत. काहींचा मेंदू वेगळ्या रीतीनं चालतो, आणि त्यांच्यासाठी जागा करून देणं हाही आपल्या कामाचाच भाग आहे. "तुम्हाला चष्मा लागतो ना, तसंच," त्या मला म्हणाल्या. माझा चष्मा मी स्वतः विकत घेतला होता, असं मी मनात म्हटलं.

मी सवलती मोजल्या. त्यांच्या चार, माझी एकही नाही. घड्या घालणाऱ्या पद्माक्कांजवळ एकदा हे बोलूनही गेलो.

"साहेब, तुमाला बी खोली पायजे का?" त्या म्हणाल्या. "मग त्येंच्यासारखं अकरा काढून दाखवा की!"

बाया आठवडाभर हसत होत्या.

पुढं मॅडम पंधरा दिवस रजेवर गेल्या. परदेशी ऑर्डरचा माल निघायचा होता. मी तपासनिसांचं टेबल यंत्रांच्या हॉलमध्ये आणवलं आणि कागदावर लिहून दिलं : सर्वांना एकच नियम.

दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. कानात कापूस, वरून रुमाल. हात टॉवेलवरून फिरायचा, पण थांबायचा नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर आले.

"हितं मला दोष सापडत न्हाईत. तपासला म्हणून सही कशी करू?"

"बाकीचे करतात की."

"त्येंना सापडतात. मला न्हाय."

खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. तपासनिसांना जमत नव्हतं, आणि ते मला येऊन सांगत होते! खोली तीस पावलांवर होती. टेबल परत न्यायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." त्यांनी मान हलवली, डबा उचलला आणि गेले.

तो माल मग मीच तपासला. त्यातला किती परत आला, तो आकडा मला पाठ आहे. इथं लिहीत नाही. मॅडम परतल्यावर आम्ही दोघं तपासनिसांच्या घरी गेलो, तोवर पलीकडच्या कारखान्यानं त्यांना घेतलं होतं.

गेल्या महिन्यात कामानिमित्त तिथं जाणं झालं. तिथला पॅकिंगचा प्रमुख जेमतेम बत्तीस वर्षांचा. त्यानं काचेतून मला खोली दाखवली. आत तपासनीस पाठमोरे बसले होते.

"तुमच्याकडंच होते ना? असा माणूस कसा काय सोडलात?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

"विचारलं की. म्हणाले, साहेबांनी टेबल हलवलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

जुळे सोलापुरात घरी पोचेपर्यंत मी त्या वाक्यात राग शोधत होतो. सापडला नाही. तपासनिसांचा हेवा मला आता वाटत नाही. त्या तरुण प्रमुखाचा वाटतो. त्याला त्यांच्याइतकं जमत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार, आणि तरी रोज सकाळी तो त्यांच्या खोलीत सूचनेचा एक कागद ठेवून येतो.