तुमच्या घरात असं बोलतात?

"तुमच्या घरात असं बोलतात?"

साहित्य मंडळाच्या अध्यक्षांनी मला हे विचारलं. आवाज चढवून नाही. हसून. त्यांच्यापुढं माझ्या ब्लॉगवरचा लेख छापून ठेवला होता. तीन पानं. त्यात जिथं जिथं आई बोलते, तिथं लाल पेनानं रेघ मारलेली. 'दूध उतू जाऊ दिऊ नगंस.' खाली रेघ. 'मी हाय हितं.' रेघ. 'भिऊ नगंस.' रेघ.

मी म्हटलं, "हो. आई असंच बोलायची."

"आई म्हणता तुम्ही? अम्मी नाही?"

"आई."

ते शेजारच्या बाईंकडं बघून पुन्हा हसले. त्या मंडळाच्या सचिव. पलीकडं मंडळाचाच आणखी एक माणूस बसला होता. बाई समजुतीनं म्हणाल्या, "बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. लेख सुंदरच आहे. म्हणून तर खात्री करतोय."

माझ्या शेजारी माझे अब्बा बसले होते. खुर्चीच्या कडेवर. खुर्ची मळेल अशी भीती असल्यासारखे. शर्ट इस्त्रीचा होता, नखं मात्र काळी. गॅरेजवाल्याची नखं कितीही घासली तरी काळीच राहतात. तळवड्याच्या रस्त्यावर त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. रविवार त्यांच्या सगळ्यात जास्त कामाचा दिवस. त्या रविवारी त्यांनी शटर उघडलंच नाही. येणाऱ्या प्रत्येकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "उद्या बंद हाय. पोरीचा लेख हाय स्टेजवर. प्राधिकरणात." प्राधिकरण म्हणजे आमच्याकडचा बंगल्यांचा, शिकलेल्यांचा भाग.

कार्यक्रम अकराचा होता. मंडळानं आम्हाला दहाला बोलावलं होतं. आमचा मान म्हणून लवकर बोलावलं, असं अब्बांना वाटलं होतं.

मला काही वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं होतं. मंडळाचा मेल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'आपला लेख आमच्या वार्षिक कार्यक्रमात वाचण्यासाठी निवडला आहे, आपलं नाव कळवा.' मी नाव कळवलं. त्यानंतर दोन दिवस काहीच उत्तर नाही. मग फोन. "हे तुझंच खरं नाव का? बरं. जरा तासभर आधी ये."

ब्लॉगवर माझं नाव नव्हतं. बारावीचा निकाल लागला, कोल्हापूरला बी.ए.ला जायचं ठरलं, त्याच आठवड्यात मी ब्लॉग सुरू केला. 'निघण्याआधी' असं त्याचं नाव. हॉस्टेलला काय काय न्यायचं त्याची यादी करायला बसले होते. बादली, दोन चादरी, कुलूप. पुढं लिहिलं, आईची शाल. आणि यादी तिथंच थांबली. त्या शालीबद्दल लिहीत गेले. तो माझा पहिला लेख.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. चाकणला एका कंपनीत ती गाड्यांचे रबरी पार्ट पॅकिंग करायची. पावणेसहाची कंपनीची बस. मी उठायच्या आत ती चौकात जाऊन उभी असायची. घरी आली की अंगाला रबराचा वास. मग किडनीचं दुखणं निघालं. मग दवाखाना. मग ती नाही.

मी सगळं लिहिलं. बस कशी हळू व्हायची आणि थांबायच्या आधीच बायका दांडा कशा धरायच्या. बाजाराच्या दिवशी चाकणच्या रस्त्यावर कांद्याची पात आणि टरफलं कशी उडत यायची आणि आईच्या केसांत अडकायची. अब्बा बंद पडलेल्या गाडीला कान लावून कसं सांगतात की बिघाड कुठं आहे. आई कशी बोलायची, ते तसंच्या तसं. आमचं गाव मावळातलं. पणजोबांच्या आधीपासून तिथलेच आम्ही. आईचं माहेर दोन कोसांवर. घरात व्हय, न्हाई, आमी, हाय, हेच. नमाज अरबीतली आणि भांडण मावळातलं, असं आई स्वतःच म्हणायची.

आम्ही मुसलमान आहोत असं मी लिहिलं नव्हतं. सुचलंच नाही. आई आजारी आहे हे सांगताना कोण धर्म सांगतं?

पण नाव का घातलं नाही, ते सांगते. लिहिताना स्वतःला पटवलं होतं की आईबद्दलचं लेखन आहे, त्यात आपलं नाव कशाला. खरं कारण आठवीतलं होतं. निबंध पहिला आला तेव्हा बाई वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "बघा, हिचं मराठी बघा. वाटतं का हिच्याकडं बघून?" वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. म्हणून नाव घातलं नाही. एकदा तरी कुणी नुसतं वाचावं, असं वाटत होतं.

आणि लोक वाचत होते. चिखलीला राहणाऱ्या, मूळच्या लातूरकडच्या एक ताई होत्या. प्रत्येक लेखाखाली लिहायच्या. 'आज तुमच्या आईनं रडवलं.' 'हॉस्टेलला जाताना लोणचं न्या, तिथलं बेचव असतं.' त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण सकाळी उठले की आधी त्यांचं काही आलंय का बघायचे.

तर त्या खोलीत अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा असा आहे, की ही अस्सल मावळी बोली आहे. मी या भागात अडतीस वर्षं शिकवलंय. ही ऐकून ऐकून येते, वाचून येत नाही. मग तुझ्याकडं कुठून आली? कुणाचं पाहून लिहिलंस का? असेल तर सांग. आम्ही रागावणार नाही."

मी काही बोलायच्या आत अब्बा बोलले.

"सायेब, आमच्याकडं तिचा आवाज हाय."

"कुणाचा?"

"हिच्या आईचा. दवाखान्यातनं पाठवलेला. पोरीच्या मोबाइलमदी हाय. तुमी ऐका. मंग तुमची खातरी हुईल."

अब्बांनी माझ्यापुढं हात केला. मोबाइल दे म्हणून.

तो आवाज अब्बांनी आई गेल्यापासून एकदाही ऐकला नव्हता. मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते उठून बाहेर गेले होते. त्यांना तो सोसणार नव्हता. आणि आज या तीन अनोळखी माणसांपुढं ते तो लावायला निघाले होते. माझ्यासाठी. मी स्टेजवर जावं म्हणून.

मी मोबाइल दिला. का दिला? अब्बांनी हात पुढं केला होता म्हणून. लहानपणापासूनची सवय.

त्यांना सापडेना. सचिव बाईंनी मदत केली. मग आई बोलली.

"जेवलीस का गं? दूध उतू जाऊ दिऊ नगंस. तुझ्या बाला सांग, मी हाय हितं…"

पुढं 'भिऊ नगंस' आहे. त्याच्या आधी एक लांब श्वास आहे.

अध्यक्ष खुर्चीत पुढं झुकले आणि म्हणाले, "अरे वा. अगदी ओरिजिनल."

त्यांच्या पलीकडचा तिसरा माणूस हसला. बारीकसं. वाईट मनाचं नसेलही. पण हसला.

अब्बा खाली बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. साहेबांसमोर हात वर करावा की नाही, हेही त्यांना कळत नसावं.

मी मोबाइल उचलला आणि बंद केला.

"अगं, पूर्ण होऊ दे की," अध्यक्ष म्हणाले. "आमची आता काही शंका नाही. तू वाच. छान वाच."

मी म्हटलं, "माझी आई पुरावा नाही."

"काय?"

"मी वाचणार नाही. माझी पानं द्या."

मी काही फार धीट नाही. पण पानं उचलली. अध्यक्षांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "अशी संधी पुन्हा येत नाही. एवढा ताठा बरा नाही या वयात."

आणि अब्बा उभे राहिले. हात जोडले. "ल्हान हाय सायेब. आई न्हाई तिला. माफी करा."

माझं काळीज तिथं तुटलं. प्रश्नानं नाही. त्या हसण्यानं नाही. त्या जोडलेल्या काळ्या नखांच्या हातांनी.

आम्ही स्कूटरवरून परत आलो. घरी येऊन त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि गॅरेजला गेले. कुणी विचारलं तर काय सांगितलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर एकानं लिहिलं, 'काल तुमचा लेख ऐकला. तुम्ही का आला नाहीत? एका बाईंनी वाचला. तुमच्या आईचा गावरान हेल त्यांनी इतका हुबेहूब काढला की सभागृह हसून हसून लोटपोट झालं. मजा आली.'

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. माझी आई हातात सलाईनची सुई असताना, ओठ कोरडे पडलेले असताना म्हणाली होती, दूध उतू जाऊ दिऊ नगंस. त्यावर लोक हसले. मी पानं घेऊन आले होते, पण त्यांच्याकडं दुसरी प्रत होतीच.

मी मंडळाला फोन केला. न विचारता का वाचला, आणि आता तुमच्या स्मरणिकेत छापू नका, असं सांगितलं. सचिव बाईच होत्या. शांतपणे म्हणाल्या, "त्यावर तुझं नाव कुठं आहे? बिननावाचं लेखन सगळ्यांचंच असतं. उलट आम्ही तो लोकांपर्यंत नेला."

मी फोन ठेवला. कारण त्यातला एक भाग खरा होता. नाव मीच घातलं नव्हतं. एकदा तरी नुसतं वाचावं म्हणून मी स्वतःला पुसून टाकलं होतं. मग दुसऱ्यांना काय, मोकळी जागाच मिळाली.

त्याच दुपारी मी ब्लॉगवर माझं पूर्ण नाव घातलं. अब्बांचं घातलं. आईचंही घातलं. प्रत्येक लेखावर. जुन्या लेखांवरही. आणि त्या खोलीत काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

अब्बांना ते गॅरेजमध्ये कळलं. एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर दाखवलं. संध्याकाळी आले ते दारातच थांबले.

"नाव कशाला लिवलंस?"

"माझं आहे म्हणून."

"तू जाशील कोल्हापूरला. मला हितंच ऱ्हायचंय. ह्याच लोकांच्या गाड्या हायत माझ्याकडं."

ते खरं होतं. आजही खरं आहे. मी म्हटलं, "अब्बा, काढून टाकू का?" त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या. मग म्हणाले, "मला न्हाई कळत त्यातलं." आणि हात धुवायला गेले. काढ म्हणाले नाहीत. ठेव म्हणाले नाहीत. त्यांनी हो म्हटलं असं मी समजून घेतलं नाही. मी ठेवलं, ते माझ्या जबाबदारीवर.

नाव आल्यावर काही लोकांनी जे लिहिलं ते इथं सांगत नाही. ती भाषा अपेक्षित होती. चिखलीच्या ताईंनी मात्र काहीच लिहिलं नाही. शिवी नाही, चांगलं नाही, काही नाही. मी आणखी चार लेख लिहिले. शेवटचा तर लोणच्यावर लिहिला, मुद्दाम. त्यांचं काही आलं नाही. अध्यक्षांपेक्षा मला हे जास्त लागलं. त्यांनीही आधी नुसतं वाचलं होतं, आणि मग नाव वाचलं.

बॅग भरताना मी अब्बांना विचारलं, "तो आवाज तुमच्या मोबाइलवर पाठवू?" ते म्हणाले, "नगं." मी त्यांची माफी मागायला हवी होती, आईचा आवाज मध्येच तोडला म्हणून. त्यांनी इतक्या महिन्यांनी धीर केला होता आणि मी त्यांना शेवटपर्यंत ऐकू दिलं नव्हतं. पण मागितली नाही. अजून मागता आलेली नाही.

वल्लभनगर स्टँडवरून आम्ही दोघं एसटीनं कोल्हापूरला आलो. कॉलेजच्या ऑफिसात एक क्लार्क फॉर्म भरून घेत होते. चांगला माणूस वाटला. अब्बांना बसायला खुर्ची दिली. माझं नाव विचारलं, लिहिलं. मग पुढच्या दोन रकान्यांत, धर्माच्या आणि मातृभाषेच्या, मला न विचारताच भरभर लिहून गेले. मी वाकून बघितलं. मातृभाषा: उर्दू.

"मराठी आहे," मी म्हटलं.

"असू दे गं. कुणी बघत नाही हे."

"मराठी लिहा."

अब्बा मागून हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा." मी त्यांच्याकडं वळले नाही. वळले असते तर राहू दिलं असतं.

मागं रांग होती. क्लार्कनं पेन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. वैतागले नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "घरात मराठी? कसं काय?"

मावळ सांगता आला असता. पणजोबा सांगता आले असते. त्यांनी मान डोलावली असती, अरे वा म्हटलं असतं. मी काही सांगितलं नाही. इथून पुढं कुणालाच सांगणार नाही. वर्गात विचारतील, हॉस्टेलमध्ये विचारतील, प्रेमानं विचारतील. मी लिहीन, रोज लिहीन, माझ्या नावानं लिहीन. पण मी इथली कशी, याचा हिशेब देणार नाही.

"मराठी," मी पुन्हा म्हटलं, आणि त्यांनी खोडून लिहीपर्यंत टेबलापुढून हलले नाही.